तिसऱ्या भागातली आई

“काही म्हण, त्या बाईला काळीजच नाही,” इन्सुक म्हणाली आणि तिने लेकीच्या मफलरचं टोक पुन्हा एकदा आत खोचलं.

“आई, आज तरी नको ना,” सेबोम म्हणाली.

पण इन्सुकचं तोंड थांबेना. कॉलेज प्रवेशाच्या परीक्षेचं केंद्र समोर होतं, नोव्हेंबरचा वारा कानात शिरत होता, फाटक बंद व्हायची वेळ जवळ येत होती आणि सेबोमचं पाऊल काही उचलत नव्हतं. अशा वेळी गप्प राहिलं तर रडू फुटेल, हे इन्सुकला पक्कं ठाऊक होतं. म्हणून पुस्तक.

पाच भागांची ती मालिका खरं तर सेबोमची. भिंतीने वेढलेलं शहर, सतराव्या वर्षी पोरांची ‘वेचणी’. वेचले गेले ते वरच्या वस्तीत, उरलेले कायमचे मिठाच्या खाणीत. या वर्षी अभ्यासापायी लेक घरात बोलेनाशी झाली, तेव्हा इन्सुकने आपल्या दुकानात गिंबापचे, म्हणजे भाताचे, गुंडाळे वळता वळता पहिला भाग उघडला. निदान बोलायला विषय तरी मिळेल म्हणून. मग काय, बाईंना वेडच लागलं. हात तेलकट, पानं तेलकट, आणि मतं तर विचारूच नका. पहिला भाग झकास. दुसऱ्यात त्या दोन पोरांचं प्रेमप्रकरण उगाच ताणलंय; नायिकेला इथे जिवाची पडलीय आणि हे दोघे चंद्र बघत बसलेत. चौथा लिहिताना लेखिकेला बहुतेक डुलकी लागली. पण खरा राग तिसऱ्या भागावर. त्यात नायिकेची, म्हणजे रुआची, आई वेचणीच्या दिवशी तिला डबा देते, कोटाचं वरचं बटण लावते, दारातून आत ढकलते आणि पाठ करून उभी राहते.

“पोरगी वळून वळून बघतेय आणि ही आपली पाठ करून उभी!” इन्सुक आत्ताही तावातावाने म्हणाली. “निदान हात तरी करायचा की नाही? दगड आहे नुसता दगड!”

आजूबाजूला खालच्या वर्गातली पोरं ढोल बडवत नावं घेऊन ओरडत होती. पोर हव्या त्या कॉलेजला चिकटावं म्हणून आया फाटकाच्या गजांना चिकट मिठाई थापत होत्या. उशीर झालेल्या एका मुलाला पोलिसाने मोटरसायकलवरून आणून सोडलं, तसा सगळ्यांनी एकच गिल्ला केला.

इन्सुकनेही काही कसर ठेवली नव्हती. महिनाभर घरात समुद्री शेवाळाचं सूप शिजलं नव्हतं. निसरडं खाल्लं की पोर परीक्षेत घसरतं. मध्येच सेबोमचा वाढदिवस येऊन गेला. वाढदिवस म्हटला की ते सूप हवंच, पण पोरीपुढे केक ठेवून इन्सुक मोकळी झाली होती. सेबोमने तेव्हा एक शब्दही काढला नव्हता.

“आई,” सेबोम एकदम म्हणाली, “मी आत गेलेच नाही तर?”

“डोकं फिरलंय का तुझं? बारा वर्षं काय गोट्या खेळत होतीस? असलं अभद्र बोलतात का आज!” बोलता बोलता इन्सुकचा हात आपसूक लेकीच्या गळ्यापाशी गेला. कोटाचं वरचं बटण उघडं होतं. तिने ते लावलं.

सेबोम त्या हाताकडे बघत राहिली.

“तू म्हणाली होतीस,” ती हळूच म्हणाली, “तू रुआची आई असतीस तर तिला हाताला धरून घरी आणली असतीस.”

इन्सुकचा हात बटणावरच राहिला. म्हणाली होती खरी. एकदा नाही, दहादा म्हणाली होती, दुकानातल्या गिऱ्हाइकांनाही ऐकवलं होतं. चल घरी, खड्ड्यात गेली ती परीक्षा, एवढंच तर म्हणायचं होतं. शब्द अगदी ओठांवर आले होते. लेकीचा चेहरा पांढराफटक पडला होता. तेवढ्यात फाटकावरचा माणूस ओरडला, “चला, चला! बंद करतोय!”

“डब्यातला भात गरम आहे,” इन्सुक म्हणाली. “निवायच्या आत खा.”

सेबोमला त्यातही हसू आलं. “रुआची आईपण हेच म्हणते.”

“गप गं.”

“संध्याकाळी शेवाळाचं सूप कर. पेपर कसाही जाऊ दे, तू कर. करशील ना?”

इन्सुकने मान हलवली. सेबोमने बॅग सावरली, पण तरीही ती जागची हलली नाही. तेव्हा इन्सुकनेच तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तिला ढकललं. जोरात नाही, पण ढकललं.

सेबोम फाटकातून आत गेली. इतका वेळ अडवून धरलेलं पाणी इन्सुकच्या डोळ्यांतून घळाघळा वाहायला लागलं, नाक गळायला लागलं, हनुवटी थरथरायला लागली. तिने झटकन फाटकाकडे पाठ केली. हे असलं तोंड डोळ्यांपुढे घेऊन पोरीने पेपराला बसायला नको.

शेजारची एक बाई गजांना चिकटून आत बघत होती. तिने इन्सुकची बाही ओढली.

“अहो ताई, तुमची मुलगी वळून बघतेय! हात करा की! लवकर, फाटक लागतंय!”

“माहितीये मला,” इन्सुक म्हणाली, आणि वळली नाही.