पाहुणीची तक्रार

वाढप्याने खुर्ची ओढून धरली, तरी बाई बसेनात. टेबलावरच्या कापडाचा एक कोपरा वाकडा होता. तो नीट करायला त्यांनी हात पुढे केला, तसा वाढपी हळूच खाकरला. आज त्या हॉटेलच्या मालकीणबाई नव्हत्या, पाहुण्या होत्या.

ही पद्धत बाईंच्या यजमानांनी घालून दिलेली. महिन्यातून एकदा नोकरांपैकी एकाने पाहुणा व्हायचे, इतरांनी त्याची सरबराई करायची आणि जेवणानंतर पाहुण्याने एक तरी तक्रार सांगायचीच. यजमान गेले, पद्धत राहिली. मग देशभर मंदी आली. परदेशी माणसे यायची थांबली, देशातली घर सोडेनाशी झाली. बसथांब्यासमोरच्या हॉटेलांना कुलपे लागली. इथेही खोल्यांची दारे उघडत ती फक्त हवा खेळावी म्हणून. तेव्हापासून हा खेळ दर आठवड्याला होऊ लागला. हात गंजू नयेत, असे स्वयंपाकी म्हणे. मागल्या खेपेला चादरी बदलणाऱ्या मावशी पाहुण्या झाल्या आणि उशी टणक आहे म्हणून त्यांनी स्वतःवरच तोंडसुख घेतले.

बाई आजवर टाळत आल्या होत्या. आज आपणहून बसल्या, कारण जे सांगायचे होते ते उभ्याने सांगवत नव्हते. इमारत गोदामासाठी मागणारा माणूस सकाळीच येऊन गेला होता. दुपारभर त्यांनी ओळखीच्या हॉटेलांत आपल्या माणसांसाठी शब्द टाकून पाहिला. सगळीकडे नन्नाचा पाढा.

सूप आले. मीठ अगदी बेताचे होते, पण दोन चमच्यांनंतर बाईंनी वाटी बाजूला सारली. असल्या चिमणीच्या पोटाच्या पाहुण्या मिळाल्या तर मंदी सरूनही धंदा बुडायचाच, असा टोमणा मावशींनी मागून मारला.

अखेर स्वागतकक्षातला कारकून टाय सारखा करत समोर उभा राहिला.

“काही तक्रार, बाई?”

“एकच आहे. पहिल्या तारखेपासून हे हॉटेल बंद होतंय.”

कुणी दचकले नाही. मावशींनी स्वयंपाक्याकडे पाहिले, स्वयंपाक्याने कारकुनाकडे. पाहुण्यांसाठी राखलेल्या मऊ आवाजात कारकुनाने सांगितले, की ही तक्रार सगळ्यांच्या कानावर आधीच आली होती. सोमवारपासून इस्पितळातल्या रुग्णांच्या नातेवाइकांचे डबे इथून जातील. स्वयंपाकी बोलून आला आहे. वरचा मजला शिकाऊ परिचारिकांना राहायला हवा आहे. त्यांचे कपडे धुण्याचे मावशींनी अंगावर घेतले आहे. प्रवासी परतेपर्यंत सगळे अर्ध्या पगारावर राजी आहेत.

बाई धडपडत उठल्या. एवढा सगळा घाट, तोही त्यांना न विचारता? आणि त्या गोदामवाल्याला काय सांगायचे?

कारकुनाने खुर्ची अलगद पुढे सरकवली.

“बसा, बाई. हॉटेलची काळजी पाहुण्यांनी करायची नसते.”