पाचही रिपोर्ट सारखेच

कोणत्या जंतूवर कोणतं औषध चालतं, हे आमच्या शहरातल्या पाच हॉस्पिटलांच्या लॅब पाच तऱ्हांनी लिहायच्या. एकीकडे तीन प्लस म्हणजे ‘बिनधास्त द्या’, दुसरीकडे तीन प्लस म्हणजे ‘हातही लावू नका’. माझ्या सासऱ्यांना एका हॉस्पिटलातून दुसऱ्यात हलवलं, तेव्हा याच घोळात चार दिवस भलतंच औषध चालू राहिलं. थोडक्यात वाचले.

म्हणून मी हट्टाने सगळ्यांसाठी एकच फॉर्म बनवला. कसा भरायचा ते कळावं म्हणून एक फॉर्म मनानेच भरून सोबत जोडला आणि पाचही लॅबना मेल केला. परीक्षा म्हणून एकाच जंतूच्या पाच बाटल्या आमच्या लॅबमधून गाडीने त्यांच्याकडे जायच्या होत्या; त्या तपासून प्रत्येकाने फॉर्म भरायचा होता.

आज पाचही रिपोर्ट आले आणि एकूण एक खूण जुळली! मला हर्षवायू व्हायचाच बाकी होता. ज्यांचे दात आजवर कुणी पाहिले नव्हते, त्या आमच्या मोठ्या डॉक्टरांनी चक्क शिट्टी मारली. मी खुर्चीवर उभं राहून सासऱ्यांना फोन लावला, “बाबा, जिंकलो!” पलीकडून तेही ओरडले, “शाब्बास, सूनबाई!”

फ्रीज सांभाळणाऱ्या मावशी मघापासून दारात उभ्या होत्या.



“मॅडम, तुमचं नाचून झालं की सांगा. त्या पाच बाटल्या अजून फ्रीजमध्येच आहेत, गाडीत कधी ठेवू?”