कोपऱ्यातला अनुस्वार

महिनाभर कॅमेऱ्याच्या लेन्सची परीक्षणं वाचून तिच्या डोक्याचा भुगा झाला होता. शेवटी तीन लेन्स भाड्याने आणून तिने भिंतीवर चिकटवलेल्या वर्तमानपत्राचे फोटो काढले. दोन लेन्सच्या फोटोंत कोपरे पुसट आले. तिसरी मनात भरली, पण स्क्रीनवर कोपरा मोठा केल्यावर चेहरा उतरला. तिथल्या जाहिरातीत ‘जुनी भाडी विकणे आहे’ दिसत होतं. “‘भांडी’वरचा अनुस्वारच गायब,” ती म्हणाली. “हिनेही माती खाल्ली.” आयुष्यभर मुद्रितशोधन केलेले बाबा स्क्रीनला नाक लावून बसले. “शेजारच्या ‘संपर्क’वरचा अनुस्वार बघ, कसा ठसठशीत आलाय. ‘भांडी’चा लेन्सने नाही, छापणाऱ्याने खाल्लाय.” त्यांनी उठून खिशातल्या लाल पेनने भिंतीवरच्या ‘भा’ला टिंब दिलं. “आता काढ.” तिने काढला. कोपऱ्यात लाल टिंब लखलखत होतं. “हीच घे,” बाबा म्हणाले. “बाकीच्या कोपऱ्यांतल्या चुकाही स्वच्छ दिसतायत.”