गारठलेलं घड्याळ

"हे यंत्र ऐकतं कमी अन् मिरवतं जास्त," मजूर गोमाजी यंत्र चालवणाऱ्या प्रमिलाच्या कानाशी पुटपुटला. यंत्राला दोष देणं त्या दिवशी सगळ्याच मजुरांना सोयीचं होतं.

जेवणाच्या सुट्टीत बोगद्याचं छत कोसळलं आणि रेवनाथ आत गाडला गेला. मजूर कुठे आहे ते यंत्राला कळवणारा त्याचा टॅग सेकंदाच्या अब्जाव्या भागाएवढे इवलेसे रेडिओ-ठोके सोडत असणार. पण ते नेमके कोणत्या क्षणी येतात, हे कळल्याशिवाय यंत्राला काहीच ऐकू येत नाही. टॅगचं घड्याळ एरवी जेवढं चुकतं, तेवढ्या टप्प्यात प्रमिलाने तीनदा शोधलं. पडदा कोराच.

"इथे कोणी नाही. यंत्र पलीकडे हलवा," बोगद्याच्या कामावरचे मानकर साहेब म्हणाले.

प्रमिला केबलवर पाय रोवून उभी राहिली. "नाही हलवणार. माणूस इथेच डबा उघडून बसला होता."

"मग ठोका का लागत नाही?"

"घड्याळ भलतंच मागे पडलं असेल. का पडलं, ते कळलं तर किती पडलं त्याचा अंदाज येईल, अन् नेमक्या त्याच क्षणी ठोका शोधता येईल. एकेक क्षण चाळत बसले, तर त्याला हवा पुरायची नाही." ती मजुरांकडे वळली. "बोला की!"

शेवटी गोमाजीने हेल्मेट काढलं.

"नोकरी घ्या साहेब, पण ऐका. सुट्टीत आम्ही सगळेच टॅग बर्फाच्या बाटलीला बांधतो. घड्याळ गारठून मागे पडतं, सुट्टी संपली तरी तुमच्या यंत्राला आम्ही दिसत नाही, अन् दहा मिनिटं जास्त पाठ टेकता येते. बाई, बर्फाच्या अंदाजाने शोधा."