झेलायचं नाही

रिमोटच्या विमानाचं धड स्वस्त आणि दणकट हवं, यावर घड्याळजीचं आणि बायकोचं एकमत असायचं. तो बांबूच्या काड्यांवर टाकाऊ प्लास्टिक ताणायचा, ती नवं धड किती टिकतं ते बघायला गच्चीवरून खाली सोडताना अंगणात उभ्या नवऱ्याला बजावायची, “झेलायचं नाही हं! नाहीतर दम कसा कळणार?” आजारपणात तिनेच आपल्या छातीच्या एक्स-रेंची चवड त्याच्या मांडीवर ठेवली. “फुकटचे आहेत, फाटतही नाहीत. जन्मभर जमिनीवर ठेवलंत, आता तरी उडवा मला!” दोघंही हसली. ती गेल्यावर त्याने तेच एक्स-रे काड्यांवर ताणले. आज गच्चीवर लेक उभी होती, खाली अंगणात तो. “बाबा, सोडते!” धडातून ऊन आरपार गेलं आणि बायकोच्या बरगड्या उजळल्या. घड्याळजीने पाठीमागे घट्ट बांधलेले हात कधी सुटले, त्यालाही कळलं नाही. “झेललंत कशाला?” लेक वरून ओरडली. धड उराशी धरून तो म्हणाला, “अगं, आई होती तुझी!”