ट्रेमधला होज पाइप

उद्या लेकीला घेऊन डोंगर उतरायचा होता, म्हणून आमच्या जुन्या गाडीचा ब्रेकचा होज पाइप, म्हणजे ब्रेक ऑइलची रबरी नळी, बदलला. पेडल दाबलं की जुना पाइप फुगायचा. काढून शेजारच्या हत्यारांच्या ट्रेमध्ये टाकला.

बायको ड्रायव्हरच्या सीटवर बसली. मी चाकाशी वाकून म्हणालो, "दाब."

नवा पाइप जराही फुगला नाही. ट्रेमधला जुना फुगला.

"सोड." पेडल करकरत वर आलं, जुना पाइप बसला.

"अगं, परत दाब बघू."

परत फुगला.

"काय एवढं बघताय?" म्हणत ती उतरली आणि माझ्या शेजारी येऊन वाकली.

आम्ही दोघं बघत असताना पाइप सावकाश फुगला. फुगलेलाच राहिला.

सवयीने माझ्या तोंडून निघालं, "सोड."

रिकाम्या गाडीत पेडल करकरलं.