भरून आहे

जयलक्ष्मींनी समईची पाचवी वात लावली, तेवढ्यात भुवनेश्वरी दारात येऊन उभी राहिली. गळ्यात पालिकेचं ओळखपत्र, हातात टॅब. शुक्रवारची तिन्हीसांज होती.

त्यांच्या सुनेच्या, हरिणीच्या कडेवर दीड वर्षाची जननी होती, तीन दिवसांच्या जुलाबांनी मलूल झालेली. तरी भुवनेश्वरीला पाहून हरिणीला हायसं वाटलं. कॉलेजात तीन वर्षं एका बाकावर बसलेली मैत्रीण. सर्वेक्षणाला परकं कुणी येण्यापेक्षा ती आलेली बरी. जिथं पाण्याची गरज जास्त, त्या गल्लीला प्यायच्या पाण्याची नवी लाइन आधी, असं ठरलं होतं. ओळख नाही, वशिला नाही, नुसते आकडे. गल्लीतल्या बायका पाण्याच्या रिकाम्या घागरी, कुडम, घेऊन रस्त्यावर बसायला निघाल्या होत्या, त्यांना हरिणीनंच अडवलं होतं. आकडे बोलतील, म्हणाली होती.

"कुटुंबप्रमुख कोण?" भुवनेश्वरीनं विचारलं.

"अम्मा. रेशनकार्ड त्यांच्या नावावर आहे, ठाऊक आहे की तुला."

"विचारावं लागतं गं." मग ती आत वळून म्हणाली, "मामी, एकच प्रश्न. घरात प्यायचं पाणी आहे?"

सासूबाईंनी काडीपेटी खाली ठेवली, समईला हात जोडले.

"भरून आहे," त्या म्हणाल्या.

लावल्या दिव्यासमोर तांदळाला, मिठाला, पाण्याला 'नाही' म्हणायचं नसतं. संपलं असलं तरी 'भरून आहे' म्हणायचं. या गल्लीत हे कुणी कुणाला शिकवत नाही. भुवनेश्वरीच्या घरीही असंच म्हणत.

तिनं टॅबवर बोट टेकलं.

"अगं, काय लिहिलंस?" हरिणीनं विचारलं.

"आहे."

"नाही लिही, भुवना. आत येऊन बघ. तीन कुडम पालथे पडलेत. जे आहे ते बोअरचं पिवळं पाणी, तेच पिऊन ही अशी झालीय. डॉक्टर म्हणाले, हे थेंबभरही द्यायचं नाही. हवं तर फोटो काढ."

"फोटो फक्त 'नाही' म्हणणाऱ्या घराचा काढायचा असतो."

"मग अम्मा म्हणतील. अम्मा, नाही म्हणा."

जयलक्ष्मींनी सुनेकडे पाहिलं, नातीकडे पाहिलं, मग समईकडे.

"आत्ता?" त्या हळूच म्हणाल्या. "लक्ष्मी दारात उभी, आणि मी नाही म्हणू? भुवना, तू उद्या ये गं. उद्या दुपारी ये, खरं ते सांगते."

"आजच शेवटचा दिवस, मामी. आणि एकदा नोंदलं गेलं ते गेलं, मागं घेता येत नाही." भुवनेश्वरी हसली. "गावाच्या नावातच कुंभ आहे आपल्या. कुडम रिकामा म्हणायचं कुणी?"

जननी कुरकुरली. हरिणीनं तिला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि तिची नजर टॅबवर गेली. नकाशा होता. त्यांची गल्ली वरपासून खालपर्यंत हिरवी. शेवटचा ठिपका त्यांच्या घराचा, आत्ताच लागलेला. मागची गल्ली मात्र लालबुंद, घरोघर 'नाही'.

मागच्या गल्लीतही पाणी याच बोअरचं यायचं. भुवनेश्वरी तिथंच राहायची.

"आमची सगळी गल्ली आजच केलीस?"

"हो."

"कधी सुरू केलीस?"

"साडेपाचला."

"दिवे लागायला लागतात तेव्हा."

भुवनेश्वरी ओळखपत्राची दोरी बोटाला गुंडाळत राहिली.

"आणि तुमची गल्ली?"

"बुधवारी."

"बुधवारी किती वाजता, भुवना?"

रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवत गेली. ती वळणाआड होईपर्यंत भुवनेश्वरी तिकडेच पाहत राहिली.

"दुपारी," ती म्हणाली. मग आवाज खाली आणून, "मी खोटं एक अक्षर लिहिलेलं नाही. जे ज्यानं सांगितलं तेच लिहिलं. या वेळी लाइन एकाच गल्लीला मिळणार आहे, हरिणी. माझ्याही घरात लहान मूल आहे."

"आपल्यात 'भरून आहे' म्हणजे काय, हे तुला ठाऊक होतं."

"मला ठाऊक आहे. त्याला नाही," तिनं टॅब जरासा उचलला. "तूच म्हणायचीस ना, माणसांपेक्षा आकडे बरे?"

 हरिणी म्हणाली होती खरी. घरोघर जाऊन म्हणाली होती.

जयलक्ष्मींना यातलं किती कळलं, कोण जाणे. त्या कुंकवाचा करंडा घेऊन पुढे आल्या, भुवनेश्वरीच्या कपाळी बोट टेकवलं. "हरिणी, शुक्रवारची सवाष्ण आहे, तशीच पाठवू नये. प्यायला दे तिला काहीतरी."

"नको मामी, उशीर झाला."

"थांब," हरिणी म्हणाली.

तिनं जननीला सासूबाईंच्या हाती दिलं आणि ती आत गेली. पाहुण्यांसाठी ठेवलेला चांदीचा पेला घेऊन बाहेर आली. दोन्ही हातांत धरून, पावलं जपून टाकत, काठोकाठचा आणावा तसा.

भुवनेश्वरीनं हात पुढे केला. पेला घेतला, आत पाहिलं. तळ कोरडा होता.

"पी," हरिणी म्हणाली. "भरून आहे."